मी नायकिणीला गाडीत बसवलं त्याची हकीकत

निपाणीपासनं खानापूरपतोरचा रस्ता माज्याइतका पाठ असल्याला गाडीवान ह्या मुलखात दुसरा न्हाय. पैल्याच दिवशी पाटंचा मला डुलका लागला, आनि उजाडल्यावर बगतो तर बैल आमास्नी घिऊन चिकोडीच्या वाटंला लागल्यालं.

बैलांचा दोष न्हाय. वर्सानुवर्सं तमाखूचं बोद वढत ती त्याच वाटंनं रेल्वेकडं गेल्याली. जू मानंवर पडलं की चिकोडी, येवढंच त्यांचं शिक्षण. माजं तेवढंबी न्हाय. चूक कळली ती गाडीतल्या पोरीमुळं. ती म्हनली, "अण्णा, बेळगावाला जाताना सूर्य डाव्या हाताला उगवाय पायजे न्हवं? ह्यो तर नाकासमोर उगवलाय."

मी म्हनलो, "आज जरा सरकला असंल."

ती हसली न्हाय. मी गाडी वळवली.

मला लिवाय येत न्हाय. मी सांगतोय आनि माजी भाची लिवतीया. माजं बोलनं सुधारायचं न्हाय अशी तिला ताकीद दिलीया, म्हंजी माजा येडेपणा हाय तसा ऱ्हाईल. आमच्या गल्लीत लई जनांनी मास्तरीणबाईंच्या शिबिराला पोरी धाडल्या न्हाईत. "तिथं काय करत्यात?" म्हनून मलाच इचारत्यात. म्हनून सांगतो.

निघताना

इंग्रजाचं राज्य हुतं अजून, पर आता जातंय, मंग जातंय असं समदी म्हनायची. आमच्या निपाणीतल्या येका मास्तरीणबाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरींचं शिबिर काढलं. खानापूरच्या पल्याड, मलप्रभेच्या काठाला, पंदरा दिवस. शिबिर म्हंजी काय ते मला ठावं न्हवतं. जत्रा असंल म्हनून मी नवा पटका बांदून गेलतो.

बाकीच्या पोरी बाईंच्या संगं सर्व्हिस मोटारीनं जानार हुत्या. माज्या गाडीत तांदूळ, डाळ, पातेली, सतरंज्या, आनि पद्मा.

पद्मा सोळा वर्साची. तमाखूच्या व्यापाऱ्याची, जैनांची पोर. लहानपनी ताप आला त्यात तिचा डावा पाय वाळला. बगलंत काठी धरून चालायची. मोटारवाल्यानं पायरीकडं बगितलं, तिच्याकडं बगितलं आनि म्हनला, "हिला चढवत बसलो तर माजी येळ चुकंल." म्हनून ती माज्या गाडीत. संगं स्वयपाकाला बाळाक्का, पद्माचीच लांबची मावशी.

निघताना पद्माचा बाप बाईंना म्हनला, "जाऊन यिऊ दे येकदा. हौस फिटंल. मंग घरीच बसायचंय तिला."

बाई म्हनल्या, "शिबिरात जी मुलगी आपली तुकडी सांभाळून नेईल आणि सांभाळून आणेल, ती नायकीण. तिच्या हातात मी गावातला मुलींचा वर्ग देणार आहे. मग ती कोणीही असो."

"हिला कोन तुकडी देतंय," बाप म्हनला आनि वखारीकडं गेला.

पद्मा गाडीत बसून ऐकत हुती. तिनं काठी मांडीवर आडवी घेतली आनि दोनी हातांनी घट धरली. येवढंच.

तिची आई मात्र माज्याजवळ आली. जैनांच्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत, पानीबी घेत न्हाईत काही जनं. पद्मा तसलीच कडक. आई म्हनली, "तातोबा, ही अशक्त हाय. सांजचं पोटात पडलं न्हाय तर हिला गरगरतं. सूर्य बुडायच्या आत माज्या पोरीच्या पोटात गरम अन्न गेलं पायजे. तुज्यावर सोडते."

मी बैलाच्या पाठीवर हात ठिऊन शपथ घेतली. शपथा घ्यायला मी लई पटाईत.

घाट

गाडीत माजे हाल झाले ते कांद्यापायी. बाळाक्काच्या गाडीत कांदा-लसूण चालंना. गाडी माजी, बैल माजं, पर मी माजी भाकरी आनि कांदा घिऊन गाडीच्या मागनं चालत खायाचा. तेबी वारा कुठनं सुटलाय ते बगून. येकदा वारा फिरला तर बाळाक्का आतनं वरडली, "तातोबा, अजून मागं हो!" मी इतका मागं ऱ्हायलो की गाडी गाठायला पळावं लागलं.

संकेश्वराच्या म्होरं गुळाच्या ढेपा भरल्याल्या चार गाड्या भेटल्या. वंटमुरीच्या घाटाला सोबत बरी म्हनून बरोबर निघालो. त्यातली येक गाडी म्हाताऱ्या बैलांची. गुळवाल्यांनी ती सगळ्यांच्या म्होरं लावली.

पद्मा म्हनली, "मंद गाडी म्होरं का? आपनबी रखडू की."

"मागं ठेवली तर मागंच ऱ्हाती," मी म्हनलो. "घाटात कोन कुनाकडं वळून बगत न्हाय. म्होरं असली म्हंजी समदी तिच्या चालीनं चालत्यात, आनि समदी वर पोचत्यात."

ती लई येळ त्या म्हाताऱ्या बैलांच्या पायाकडं बगत बसली. मला वाटलं पोर कटाळली, म्हनून मी गानं म्हनाय लागलो.

बाळाक्का म्हनली, "घाट बैल चढत्यात, तातोबा. तू कशाला कण्हतोस?"

बेळगाव

छावणीच्या नाक्यावर पोलिसानं गाडी आडवली. त्या दिसांत चार जनं येका रांगंत चालली तरी सरकारला घाम फुटायचा. "गाडीत काय?" त्येनं इचारलं.

मी हुशारी दावाय गेलो. म्हनलो, "साहेब, पातेली हायत. पोरी कवायत शिकाय निगाल्यात."

कवायत म्हनल्याबरोबर त्येनं पोती सोडाय लावली. डाळीत कोपरापतोर हात घातला. सतरंज्या झटकल्या. मी उभ्या उभ्या घामानं भिजलो. शेवटाला त्येनं पद्माची काठी उचलली. "ही लाठी कशाला?"

पद्मा कन्नडात म्हनली, "इदु नन्न कालु." म्हंजी, ह्यो माजा पाय हाय.

त्येनं ती काठी खाली टाकली न्हाय. दोनी हातांनी तिच्या हातात दिली, आनि आमास्नी जाऊ दिलं. नाक्यापासनं लांब आल्यावर बाळाक्का मला म्हनली, "ह्याच्याम्होरं तुला कुनी काय इचारलं तर बैलाला सांगाय लाव."

नदीकाठ

खानापूरकडचा मुलूख आमच्यासारखा न्हाय. आमच्याकडं नजर जाईल तितकं काळं रान आनि तमाखूचा वास. इकडं तांबडी माती, झाडी, फनस झाडाच्या बुडख्याला लटकल्यालं. सकाळी उठून ही मानसं भाताची पेज पित्यात. मला वाटलं आजारी हायत. दोन वाट्या पिऊन मी भाकरीची वाट बगत बसलो. भाकरी काय आली न्हाय. दुपारी बाळाक्कानं माज्यापुरती जोंधळ्याची थापली तवा जीव थाऱ्यावर आला.

आंबराईत झापाच्या दोन खोपी, मधी पटांगण. पाटं शिट्टी वाजायची की पोरी वळीनं उभ्या. मीबी येकदा मागं उभा ऱ्हायलो. "डावा, उजवा" म्हनताना माजं दोनी पाय येकदम उचललं गेलं. पोरी हसल्या. पद्मा वळीत उभी हुती. बाईंनी "डावा" म्हनलं की ती काठी टेकायची. तिची काठी चुकली न्हाय.

पोरी विहीर शेंदायच्या, जखम बांधायला शिकायच्या, सांजचं येकेकीनं उभं ऱ्हाऊन बोलायचं. माज्या भैनीनं उभ्या जन्मात चार मानसांत तोंड उघडलं न्हाय. इकडं तेरा-चौदा वर्साच्या पोरी उभ्या ऱ्हाऊन, "माजं म्हननं असं हाय," म्हनत हुत्या. मी झाडाआड बसून ऐकायचो. का कुनास ठाव, तवा मला चेष्टा सुचायची न्हाय.

शेवटच्या हप्त्यात बाईंनी चाल ठरवली. बारा जनींची तुकडी, येक जन म्होरकी, नंदगडच्या वडापतोर जायाचं आनि परत यायाचं. जायाला दोन कोस, यायाला दोन कोस. कुनी मागं ऱ्हायचं न्हाय, कुनी गाडीत बसायचं न्हाय, आनि म्होरकी पैल्या पावलापासनं शेवटच्या पावलापतोर आपल्या पायांनी म्होरं पायजे. माजी गाडी मागनं, फकस्त पान्याच्या घागरी घिऊन.

"कोण नेईल?" बाईंनी इचारलं.

पद्मानं हात वर केला.

मथुरा म्हनून त्याच भागातल्या शेतकऱ्याची दांडगी पोर हुती. ती फटकन म्हनली, "हिच्या मागं चाललो तर वाटंतच मिरग लागंल."

पद्मा म्हनली, "लागू दे. भिजलो तर बाराजनी भिजू."

बाईंनी तिचं नाव लिवलं.

वड

उजाडायला निघाल्या. पद्मा म्होरं, काठी टेकत. तिच्या चालीनं अकराजनी मागं. पैल्यांदा पोरी कुजबुजत हुत्या, येकमेकीला ढकलत हुत्या. कोसभर गेल्यावर समद्यांची पावलं येक झाली. काठीचा आवाज, मंग पायांचा आवाज. दमायच्या आधीच ती थांबवायची. पानी वाटताना म्हनायची, "पैलं मागच्या जनीला." मी गाडीत बसून बगत हुतो आनि मनात म्हनत हुतो, ही घाटातली गोष्ट मी सांगितल्याली. जसं काय मीच त्या म्हाताऱ्या बैलांना जन्म दिलता.

नंदगडचा वड म्हंजी, जुन्या काळी इंग्रजानं ज्या शूर गड्याला फाशी दिलं त्येची जागा. लोक तिथं नवस बोलत्यात, फांद्यांना इवलंइवलं लाकडी पाळनं बांधत्यात, मूल व्हावं म्हनून. वाऱ्यानं ते पाळनं हलत हुते.

पद्मानं मला इचारलं, "अण्णा, हितं पोरगाच मागत्यात?"

"बहुतेक," मी म्हनलो. "फाशी गेलेल्याकडं पोरगी मागाय कोन यील? त्येला आधीच काय कमी तरास झाला?"

येकबी हसली न्हाय. माजी चेष्टा त्या पाळन्यांत लटकून ऱ्हायली. पद्मानं वरती बगितलं, मंग म्हनली, "बसा. भाकरी खावा. उन उतरल्याशिवाय निघायचं न्हाय."

परतताना उन लई येळ उतरलं न्हाय. निघायला उशीर झाला. येक कोस ऱ्हायला, अर्धा कोस ऱ्हायला, आनि सूर्य झाडांच्या शेंड्याला टेकला. पद्माच्या पाठीचं लुगडं घामानं चिकटलं हुतं. काठीवर समदा भार टाकून ती पाय वढत हुती. आनि मला तिची आई दिसाय लागली. बैलाच्या पाठीवर ठेवल्याला माजा हात दिसाय लागला.

मी गाडी म्होरं घेतली, वाटंत आडवी लावली, खाली उतरलो आनि पद्माला बखोट्याला धरून गाडीत बसवलं. तमाखूच्या बोदायेवढंबी वजन न्हवतं पोरीला.

"अण्णा, सोडा!" ती वरडली. "अण्णा, न्हाय! खाली सोडा मला!"

मला वाटलं, लाजतीया. मी बैलांच्या शेपट्या पिळल्या. बैल असं पळालं की दोन घागरी फुटल्या. मागनं पोरी हाका मारत हुत्या, त्यावर मी हात हलवला. जसा काय वरातीला निघालोय.

आंबराईत शिरलो तवा सूर्य अजून बोटभर वर हुता. मी वरडलो, "बाळाक्का, वाढ! दिवस हाय अजून!"

बाळाक्कानं गरम भात, आमटी, वाटीभर ताक ठेवलं. पद्मा ताटाम्होरं बसली. तिनं हात लावला न्हाय. मी म्हनलो, "पोरी, खा. येळ हाय." ती दाराकडं तोंड करून वाटंकडं बगत ऱ्हायली. सूर्य बुडाला. ताट तसंच. बाळाक्कानं ते उचललं आनि माज्याकडं असं बगितलं की त्यापरीस कांद्यापायी मागं हाकलल्यालं बरं वाटलं.

मंग पोरी आल्या. येकदम न्हाय, चार, मंग तीन, मंग येकेक. म्होरं कोन न्हवतं म्हनून पळापळी झाल्याली. मथुराच्या अंगठ्याचं नख निघाल्यालं. दोघी वाट चुकून नदीकडं गेलत्या.

मी बाईंच्या म्होरं हात जोडलं. "बाई, चूक माजी. मी उचललं तिला. ती न्हाय म्हनत हुती."

बाई म्हनल्या, "तातोबा, चूक कोणाची ते मी विचारलेलं नाही. गाडीत कोण बसलं, एवढंच बघायचं होतं."

त्या मान खाली घालून बोलत हुत्या. त्यास्नीबी ते जड जात हुतं, हे माज्यासारख्यालाबी दिसलं. पद्मानं पानीसुदिक घेतलं न्हाय. माजी शपथ मी पाळली हुती, आनि पोर उपाशी हुती.

दुसऱ्यांदा

सकाळी पद्मा बाईंना म्हनली, "मला परत जायाचंय."

"दोनच दिवस उरलेत," बाई म्हनल्या. "आणि तुकडी तयार हवी. त्यांना तू विचार. मी सांगणार नाही."

पोरी पायाला तेल चोळत बसल्या हुत्या. पद्मा त्यांच्याम्होरं उभी ऱ्हायली. मला वाटलं आता रडंल, न्हाईतर बापाचं सांगंल. तिनं तसलं काय काढलं न्हाय. म्हनली, "काल मी तुमास्नी अर्ध्यात सोडलं. कुनी उचलून न्हेलं, कसं न्हेलं, ते सांगत न्हाय. सोडलं. उद्या मला परत न्यायचंय. यीणार त्यांनी या."

पोरी मथुराकडं बगाय लागल्या. मंग मथुरा म्हनली, "माजा अंगठा फुटलाय."

"व्हय."

"तुज्या मागं हुतो तवर फुटला न्हवता." मथुरानं फडकं घट बांधलं. "यीते मी. पर गाडी नगं."

"गाडी न्हाय," पद्मा म्हनली. "पानी आपन वाटून घिऊ." आनि माज्याकडं वळून, "अण्णा, तुमी हितंच ऱ्हावा."

मी ऱ्हायलो असतो तर बरं झालं असतं. पर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दिसंनाशा झाल्यावर माजा जीव ऱ्हाईना. गाडी न्यायची न्हाय म्हनून चालत निघालो, झाडांआडनं, लांबनं. उभा जन्म मी बैलांच्या पायांनी चाललोय. वडापतोर कसाबसा गेलो. पोरी वडाखाली बसल्या हुत्या तवाच मी परत निघालो, तर वाटंत पायाला फोड आलं, पोटऱ्या वळल्या, आनि मी येका दगडावर बसलो तो बसलोच.

मागनं काठीचा आवाज आला. मी झुडपात लपाय बगितलं. येवढा मोठा पटका, कुठं लपनार?

पद्मा थांबली. मागं अकराजनी थांबल्या. तिनं माज्या पायाकडं बगितलं, मंग सूर्याकडं. दिवस मावळायच्या आत पोचायला तेवढीच येळ उरली हुती.

"जावा तुमी," मी म्हनलो. "मी मागनं येतो. तुजं जेवान चुकंल, पोरी. तुज्या आईला मी काय सांगू?"

"आईला मी सांगीन," ती म्हनली. "उठा."

मथुरानं येक हात धरला, दुसरीनं दुसरा. पद्मानं मला आपल्या शेजारी घेतलं आनि चाल उतरवली. लंगडी पोर माज्यासाठी सावकाश चालत हुती, आनि मला तेबी जमत न्हवतं. म्होरं रान तांबडं झालं. मंग करडं झालं. सूर्य कवा बुडाला ते मी बगितलं न्हाय. मान वर कराय लाज वाटत हुती. पद्मानं येकदा ओठावरनं जीभ फिरवली. पानी मथुराच्या खांद्यावर हुतं. तिनं मागितलं न्हाय.

आंबराईच्या तोंडाला बाई कंदील घिऊन उभ्या हुत्या. पद्माचा श्वास मला ऐकाय येत हुता. काठी, पाय. काठी, पाय. मागं समद्या वळीत, येकबी कमी न्हाय.

माजा ऊर भरून आला. पायातली कळबी ईसरलो. मी पोरींचे हात सोडवलं, दोन पावलं म्होरं गेलो, पटका सावरला आनि वरडलो, "बाई, आणली बगा तुकडी!"

मागनं पद्मा म्हनली, "अण्णा, बाजूला व्हा. तुमाला आमी आणलंय."